फुकटचा परीक्षक

नवी गेम आली की नालासोपाऱ्यातली पोरं ती लगेच डाउनलोड करत नाहीत. आधी दादाला विचारतात. गेम दीड जीबीची आणि दिवसाचा डेटाही दीडच जीबी, तेव्हा चूक परवडत नाही. दादा बहुधा जिन्यात असतो, घरातलं वायफाय दाराबाहेर जिथवर पोचतं त्या पायरीवर. एका हातात मोबाइल, दुसऱ्यात चार्जरची वायर आणि चेहऱ्यावर सगळं बघून झाल्याचा कंटाळा.

दादा हा काही एकच माणूस नव्हे. आचोळ्यात आहे, मनवेलपाड्यात आहे, वसईच्या एव्हरशाइनमध्ये आहे, आणि विरारच्या ग्लोबल सिटीत तर टॉवरमागे एकेक असावा. वय पंचवीस ते पस्तीस. कामाला अंधेरी नाहीतर मालाड. लग्नाचं बघताहेत. विमानातून उडी मारायची, बंदूक शोधायची आणि बाकीचे मरेपर्यंत आपण जगायचं, अशा ‘बॅटल रॉयल’ प्रकारच्या जेवढ्या म्हणून फुकट गेम निघतात तेवढ्यांचं परीक्षण त्याने कुणी न सांगता अंगावर घेतलंय. तो स्वतः कसा खेळतो हे विचारायचं नसतं. त्याची रँक प्लॅटिनमच्या पुढे फारशी सरकलेली नाही. सर्व्हरवरच्या पहिल्या पाचशेंना मिळणारा ‘कॉन्करर’ त्याने फक्त दुसऱ्यांच्या स्क्रीनशॉटमध्ये पाहिलाय. पण नाटकावर लिहिणाऱ्याला नाटकात काम करता यावं लागतं का, असा त्याचा सवाल असतो, आणि मराठी माणसाकडे त्याला उत्तर नाही.

परीक्षणाची पद्धत ठरलेली. पहिली चाचणी तापाची. एक मॅच झाली की मोबाइलची पाठ गालाला लावायची आणि डोळे मिटून निदान सांगायचं. दुसरी चाचणी लोकलमध्ये होते. पब्जीचा एरँगेल हा नकाशा आठ किलोमीटर लांब नि तेवढाच रुंद, खेळणारे शंभर, शेवटपर्यंत टिकलात तर अर्धा तास. फ्री फायरमध्ये पन्नास जण, दहा मिनिटांत निकाल. दादाकडे याचं रेल्वेचं कोष्टक तयार आहे: विरार ते वसई रोड म्हणजे एक फ्री फायर, विरार ते बोरिवली म्हणजे एक एरँगेल. अर्थात बसायला मिळालं तर. उभ्याने खेळायचं तर एक हात कडीला जातो. मग पळता येतं पण नेम धरता येत नाही, आणि त्या दिवशी आपण ‘रोटेशनवर भर दिला’ असं दादा सांगतो. नायगाव-भाईंदरच्या मधल्या खाडीपुलावर पिंग तीनशेच्या वर जाऊन गेम अडखळते, हाही त्याचा पक्का समज. गाडी पुलावर आली की तो गवतात आडवा पडतो. गेममधल्या.

तिसरी चाचणी आई घेते.

“अरे, सिलिंडरवाला आलाय. उचल जरा.”

“आई, दोन मिनिटं. लास्ट झोन आहे.”

“मग तेवढ्यापुरतं बंद करून ठेव ना.”

“बंद नाही होत गं. शंभर जण खेळतात एका वेळी.”

“आणि त्यांच्याकडे नाही येत सिलिंडर?”

या प्रश्नावर कुठल्याही कंपनीने अजून उपाय काढलेला नाही. म्हणून दादाच्या हिशेबात लहान मॅचला आपोआप दोन गुण जास्त मिळतात.

नवशिका फसतो तो पहिल्याच मॅचमध्ये. उतरला, चार-सहा जण टिपले, पडद्यावर ‘विनर विनर चिकन डिनर’ झळकलं, की त्याला वाटतं आपण जन्मजात नेमबाज. दादा अशा वेळी हळूच विचारतो, “समोरचे हलत होते का?” कारण खालच्या रँकमध्ये निम्म्याहून जास्त माणसं ही माणसं नसतात. कंपनीने सोडलेले बॉट असतात, ते गोळी खायलाच उभे असतात. विरारच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये पलंग मुद्दाम लहान ठेवतात, खोली मोठी दिसावी म्हणून; पहिली मॅच त्याच कामाची, असं दादाचं मत. वडिलांनी कर्ज काढून घर घेतलेल्या मुलाला हे शिकवावं लागत नाही.

त्याच्या या अनुभवाला इतिहासही आहे. २०१८ च्या मार्चमध्ये पब्जी मोबाइलवर आली. त्याच जुलैत पावसाने नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले, गाड्या थांबल्या, आणि कामाला न गेलेली अर्धी बिल्डिंग दुपारभर एरँगेलमधल्या पोचिंकी गावात उतरत राहिली. पुढच्या जानेवारीत परीक्षांवरच्या एका कार्यक्रमात एका आईने मुलाच्या ऑनलाइन गेमची तक्रार केली आणि पंतप्रधानांनी ‘हा पब्जीवाला आहे का’ अशा अर्थाचं हसत विचारलं. तोवर दादाची आई त्या गेमला ‘पपजी’ म्हणायची. त्या दिवसापासून तिचा उच्चार सुधारला आणि दादाचे दिवस फिरले.

२ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने चीनशी संबंध असलेली ११८ अ‍ॅप बंद केली, त्यात पब्जी मोबाइल गेली. करोनामुळे लोकल सामान्य माणसाला तेव्हा बंदच होती. म्हणजे विरारकराची जायची आणि रमायची, दोन्ही ठिकाणं एकदम मिटली. २६ जानेवारी २०२१ ला गाजावाजा करून ‘फौजी’ आली. अक्षय कुमारने जाहिरात केली होती, नकाशा गलवान खोऱ्याचा होता, पण सुरुवातीला तीत बंदूकच नव्हती. हातांनी आणि दांडक्यांनी मारामारी. दादाचा अहवाल एका वाक्याचा: “एवढी हातघाईच करायची तर लोकल सुरू होईस्तोवर थांबतो.” मध्ये थोडे दिवस ठरावीक वेळांना मिळालेली लोकल पुन्हा बंद झाली, आणि ती परतायच्या आधी गेम आली. कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने २ जुलै २०२१ ला बीजीएमआय या नावाने पब्जीची भारतीय आवृत्ती सोडली. दोन डोस घेतलेल्यांना लोकल मोकळी झाली ती १५ ऑगस्टला. विरारकराला एरँगेल आधी मिळालं, चर्चगेट नंतर.

या आवृत्तीत माणूस मरत नाही, ‘फिनिश’ होतो. रक्त हिरवं. “पालक सांडलाय का?” असं आईने मागून विचारलं होतं. १८ वर्षांखालच्या मुलाला दिवसाला सात हजारांच्या वर खर्च करता येणार नाही, अशीही अट होती. ती वाचून दादा इतका हसला की वडील बाहेर आले. रोज सात हजार उडवणारा अल्पवयीन मुलगा वसई तालुक्यात कुठे राहतो, याचा शोध पोरांनी पुढे बरेच दिवस घेतला.

पुन्हा २८ जुलै २०२२ ला ही गेमही दोन्ही स्टोअरवरून उडाली. ज्यांच्या मोबाइलमध्ये आधीपासून होती त्यांना खेळता येत होतं. म्हणून जवळजवळ दहा महिने दादाने मोबाइल बदलला नाही, फॉरमॅट केला नाही, काच फुटली तरी दुरुस्तीला दिला नाही. दुकानदाराने चुकून सगळं पुसलं तर? २०२३ च्या मे अखेरीस गेम परतली ती वेळेचं बंधन घेऊन: अल्पवयीनांना दिवसाला तीन तास, मोठ्यांना सहा. विरारहून चर्चगेटला रोज जाऊन येणाऱ्याकडे घरी आल्यावर सहा तास उरतात असं मानणारा माणूस पश्चिम रेल्वेने गेलेला नसणार.

पैशांच्या बाबतीत मात्र दादाचं परीक्षण खरोखर ऐकण्यासारखं असतं. बीजीएमआयमध्ये एम-फोर-वन-सिक्स बंदुकीला ‘ग्लेशियर’ नावाचं बर्फाळ रूप मिळतं. ते थेट विकत मिळत नाही, पेट्या उघडायच्या आणि नशीब बघायचं. पेट्यांवर हजारो रुपये घालवलेले लोक आहेत. पण गोळी तेवढीच लागते. फ्री फायरमध्ये कित्येक बंदुकांच्या रूपाबरोबर माराची ताकद किंवा वेगही थोडा वाढतो, आणि पात्रांना वेगवेगळ्या शक्ती असतात. “पहिली हौस, दुसरी लाच,” असं दादा म्हणतो, आणि इथे त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. फुकट गेमचं याहून नेमकं परीक्षण छापील मासिकातही क्वचित मिळेल. त्याने स्वतः गेममध्ये आजवर रुपया घातलेला नाही. मोबाइलच्या पाठीला लावायचा पंखा, घामाने बोट घसरू नये म्हणून अंगठ्याच्या टोप्या आणि नव्वद फ्रेमचा हप्त्यावरचा मोबाइल हे ‘साहित्य’ या सदरात जातं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. “तुझी पण गेली का?” आईने मोठ्या आशेने विचारलं. गेली नाही. पैसे लावून जिंकायचा हिशेब जिथे असतो ते खेळ बंद झाले. दादाच्या गेममध्ये पैसे फक्त जातात, म्हणून ती कायद्यात बसते.

वडील दादाच्या खेळण्यावर एकदाच बोलले. २०२४ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधानांनी देशातल्या काही नावाजलेल्या गेमरना भेटीला बोलावलं, त्यात मिथिलेश पाटणकर हा मराठी मुलगाही होता. बातमी संपेपर्यंत वडील गप्प होते. मग म्हणाले, “त्याला पंतप्रधान बोलावतात. तुला सोसायटीचे सेक्रेटरी बोलावतात, तेही मेंटेनन्ससाठी.”

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीची ‘इंडस’ आली आणि दादाच्या निःपक्षपातीपणाची कसोटी लागली. मराठी मुलुखात बनलेली बॅटल रॉयल! नकाशाचं नाव विरलोक. आपल्या स्टेशनची कुणीतरी दखल घेतली असं त्याने काही काळ मानलंही. इथे शेवटचा माणूस उरेपर्यंत थांबायलाच हवं असं नाही. मॅचच्या अखेरीस कॉस्मियम नावाचा पदार्थ प्रकट होतो, तो ताब्यात घेतला तरी जिंकता येतं. दादाला हे पटलं. नुसतं लपून राहणाऱ्याचा धंदा त्यामुळे बसतो. तरी पुण्याची गेम असून कुठल्याच भिंतीवर सूचनांची पाटी नाही, यासाठी त्याने अर्धा गुण कापला.

सध्या तो स्वतःच एक नकाशा सुचवण्याच्या मागे आहे. वसईचा किल्ला. तीन बाजूंना पाणी आणि दलदल, एक दरवाजा जमिनीकडे, एक समुद्राकडे, छत उडालेली चर्चं, आत ताडाची झाडं. आडोशाला काही कमी नाही. कोल्डप्ले बँडला गाण्याच्या चित्रीकरणासाठी हाच किल्ला लागला, मग गेमवाल्यांना काय झालं? रविवारी तो पोरांना घेऊन तिथे जातो आणि कुठे उतरायचं, लूट कुठे ठेवायची, एअरड्रॉप कुठे पडेल हे तटावर उभा राहून दाखवतो. प्री-वेडिंगवाल्यांना मात्र कसं हलवायचं, हे अजून सुचलेलं नाही. एकेका कमानीला दोन-दोन जोडपी जागा न सोडणारे कॅम्पर म्हणून बसलेली असतात.

एकदा शाळेतल्या एका पोराने इतिहासाचं पुस्तक काढून खऱ्या मॅचचा निकाल वाचून दाखवला. १७३९, चिमाजी अप्पांचा वेढा, बुरुजाखाली सुरुंग, मे महिन्यात पोर्तुगीजांची शरणागती. सुरुंगापर्यंत दादाने मान डोलावली. पण हरलेल्या पोर्तुगीजांना आपली चीजवस्तू घेऊन निघून जायला आठ दिवस दिले होते, हे ऐकल्यावर त्याने हातानेच वाचन थांबवलं.

“आठ दिवस? आणि लूट घेऊन?” दादा म्हणाला. “बॅलन्सिंग चुकलंय.”