टॅबवाले अण्णा

प्रत्येक कचेरीत एक टेबल असं असतं, की त्यावरच्या संगणकाचा पडदा अभ्यागताला दिसत नाही आणि साहेबांना तर मुळीच दिसत नाही. "खिडकीतून ऊन येतं हो," हे त्याचं कारण. आमच्याकडे ते टेबल अण्णांचं. खिडकी उत्तरेला आहे आणि तिच्यापुढे चिंचेचं झाड आहे.

अण्णांकडे पेन्शनरांचे कागद असतात. नोव्हेंबरात हयातीचे दाखले गोळा करायचे आणि उरलेलं वर्षभर त्यांत त्रुटी काढायच्या. ह्या दोन कामांच्या मधल्या वेळात, म्हणजे साधारण साडेअकरा ते साडेपाच, अण्णा ब्राउझरमधले खेळ खेळतात. नुसते खेळतात म्हटलं तर त्यांना राग येईल. ते खेळ तपासतात. फायलीवर कधी दोन ओळींच्या वर टिपणी न लिहिणारा हा माणूस खेळातल्या एका खोट्या बटणावर पाऊण तास बोलू शकतो.

पहिला दंडक असा, की खेळ टॅबमध्येच असला पाहिजे. मोबाइलवर गेम उतरवून घेणाऱ्यांबद्दल त्यांना मनापासून कीव आहे. "डाउनलोड केलेला गेम म्हणजे घरजावई. टॅबमधला गेम हा पाहुणा. चहा घेतला, गेला." साहेबांच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की डाव्या हाताची दोन बोटं आपसूक कंट्रोल आणि डब्ल्यूवर पडतात आणि पडद्यावर त्रुटींची यादी उभी राहते. ह्या कामी अण्णांची बोटं जी चपळाई दाखवतात, तिच्या चौथाईने टायपिंग झालं असतं तर ते आज अधीक्षक असते.

दुसरा दंडक, खेळ चहाच्या पहिल्या घोटाच्या आत सुरू व्हावा. इथे निम्मे खेळ नापास होतात. आधी कुकीजना परवानगी द्या, मग ईमेल द्या, मग जन्मतारीख. "अरे, पत्ते लावायचेत मला! मी कोण, माझा जन्म कधीचा, ह्याच्याशी बदामाच्या राणीला काय करायचंय?" हे ते तावातावाने मला सांगत होते तेव्हा समोर एक निवृत्त गुरुजी उभे होते. अण्णांनी मान न वळवता त्यांना सांगितलं, "आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. आणि जन्मतारखेचा पुरावा."

"तो मागच्या वर्षी दिला होता."

"ह्या वर्षीचा लागेल," अण्णा म्हणाले.

जाहिरातींवरचा त्यांचा अभ्यास तर ग्रंथ होईल इतका आहे. डाव संपला की तीस सेकंद थांबायचं. पाच सेकंदांनी कोपऱ्यात फुली येते, ती खोटी. ती दाबली की दुकान उघडतं. खरी फुली नंतर दुसऱ्याच कोपऱ्यात येते, मुंगीएवढी, पांढऱ्यावर पांढरी. "तीस सेकंद! माणसाच्या आयुष्यातली तीस सेकंदं काय रस्त्यावर पडलीयत?" खरं तर खुर्चीत बसून माणसाने आठवडे कसे घालवावेत हे आम्ही अण्णांकडूनच शिकलो. पण तिथे घालवणारे ते स्वतः असतात, इथे दुसरा कुणी घालवतो. फरक आहे, आणि तो मला पटतो.

कँडी क्रशशी त्यांचं वैर जुनं. पाच जीव मिळतात, ते संपले की एकेक जीव परत यायला अर्धा तास. नाही तर पैसे भरा, नाही तर मित्रांकडे मागा. अण्णांनी एकदा मागितला. तो निरोप चुकून साहेबांच्या सौभाग्यवतींना गेला, आणि 'अण्णांनी जीव मागितलाय' हे वाक्य ज्या गांभीर्याने साहेबांपर्यंत पोहोचलं त्यानंतर त्यांना आठवडाभर कुणी कामच सांगितलं नाही. तेवढ्यापुरता खेळ चांगला, असा शेरा आहे.

फार्मव्हिलचं मात्र त्यांना खरं वेड होतं. २००९ मध्ये फेसबुकवर ते आलं आणि अण्णा शेतकरी झाले. मूळचे वाईकडचे. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी लहानपणापासून पाहिलेली, रोप लावल्यावर फळाची किती महिने वाट बघावी लागते ते ठाऊक असलेले. इथे ती चार तासांत तयार. पण वेळेत काढली नाही तर सुकून जायची. त्यामुळे आढावा बैठक ऐन रंगात असताना अण्णा "जरा टपाल बघून येतो" म्हणून उठायचे आणि काढणी करून परत यायचे. गावाकडची खरी दोन एकर धाकटा भाऊ बघतो. तिथे सध्या काय पेरलंय हे अण्णांना तेव्हाही सांगता येत नसे, आताही येत नाही. पुढे वैतागून सोडलं. "घड्याळ लावून बोलावणारा खेळ हा खेळ नव्हे, दुसरी नोकरी. पहिलीनेच जीव दमलाय."

३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि मिनिक्लिपच्या जमान्यातले कितीतरी खेळ एका फटक्यात मुके झाले. फार्मव्हिलही त्याच दिवशी मिटलं. अण्णांनी त्या आठवड्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कारणाच्या रकान्यात 'दुःखद घटना'. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, पुढे काही विचारलं नाही. मग रफल नावाची सोय हाती लागली आणि जुने फ्लॅश खेळ पुन्हा हलायला-बोलायला लागले, तेव्हा अण्णांनी पेढे आणले. "जुने स्नेही बरे झाले," एवढंच म्हणाले.

मग ह्यांना आवडतं तरी काय? आवडतं ते २०४८. गाब्रिएले चिरुल्ली नावाच्या इटलीतल्या एकोणीस वर्षांच्या पोराने २०१४ च्या मार्चमध्ये तो बनवला आणि फुकट सोडून दिला. चार बाय चारची चौकट, बाणाच्या चार कळा. सारख्या आकड्यांच्या दोन फरशा भिडल्या की बेरीज होते. प्रत्येक चालीनंतर नवी फरशी येते, दहातल्या नऊ वेळा दोनची, एखाद्या वेळी चारची. बस. अण्णांचा सिद्धान्त: सगळ्यांत मोठा आकडा खालच्या कोपऱ्यात बसवायचा आणि वरचा बाण म्हणजे विष समजायचं. "कोपरा सोडला की संपलं," असं ते म्हणतात तेव्हा स्वतःच्या टेबलाकडे एकदा नजर जातेच. ह्या खेळात हरले तर ते चिडत नाहीत. चौकट भरलेली समोर दिसत असते, आपण कुठे घाई केली तेही दिसतं. ते हळूच "माझंच चुकलं" म्हणतात. पंधरा वर्षांच्या सहवासात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून दुसऱ्या कुठल्याही संदर्भात ऐकलेलं नाही.

स्लिदर डॉट आयओमधला सापही त्यांना मान्य आहे, कारण तिथे करंगळीएवढा साप अजगराला आडवा जाऊन मारू शकतो. सेवाज्येष्ठता चालत नाही. सुरुवातीला नाव टाकायचं असतं, तिथे अण्णा साहेबांचं टाकतात. म्हणजे जगला तर उत्तम, मेला तरी वाईट वाटत नाही. तक्रार एकच, नेटची. ऐन वळणावर पडदा गोठतो आणि उघडतो तेव्हा सापाचे मणी विखुरलेले. "मी वळलो होतो!" ही आरोळी मग जावक टेबलापर्यंत जाते. त्या दिवशी येणाऱ्या पेन्शनरांची प्रकरणं जरा जास्तच बारकाईने तपासली जातात.

गेल्या नोव्हेंबरात दाखल्यांसाठी कचेरीत नवं पोर्टल आलं. अण्णांनी ते पहिल्या दिवशी उघडलं आणि सवयीने तपासायला घेतलं. लॉगिन आहे. कॅप्चा आहे, वाचता न येणारा. अर्धा फॉर्म भरला की सेशन संपतं, मधे सेव्ह नाही. "अत्यंत भिकार लेव्हल," त्यांनी शेरा दिला आणि तेच पोर्टल गुरुजींसाठी भरायला बसले. गुरुजी आता झेरॉक्सांचा गठ्ठा घेऊन आले होते. तिसऱ्या खेपेला अर्ज गेला आणि लगेच लाल अक्षरांत उत्तर आलं: नामंजूर.

"कारण काय दिलंय?" गुरुजींनी विचारलं.

अण्णांनी पडदा वर-खाली करून पाहिला. चष्मा काढून पाहिला. "कारणाचा रकानाच नाही."

"मग आता?"

"पहिल्यापासून," असं अण्णा म्हणाले खरं, पण आवाजात नेहमीचा ठसका नव्हता. तेवढ्यात नेट गेलं. रांगेतून एक सामुदायिक सुस्कारा निघाला. पडद्यावर क्रोमचा तो करडा डायनोसॉर उभा राहिला, नेट नसलं की येणारा. हा खेळ शेवटापर्यंत न्यायला १ कोटी ७० लाख वर्षं लागतील असा बनवणाऱ्यांचा अंदाज आहे, आणि आमच्या नेटच्या तब्येतीला तो साजेसाच आहे. लॉगिन नाही, जाहिरात नाही, एक स्पेसबार. अण्णांचा सर्वांत लाडका.

"हे काय जनावर?" गुरुजी.

अण्णांनी मग जे केलं ते ह्या कचेरीत आजवर घडलं नव्हतं. ते खुर्चीतून उठले, गुरुजींना तीत बसवलं आणि पडदा रांगेकडे वळवला. "ही लांब कळ दाबा. निवडुंग आला की उडी. पक्षी आला तर खालचा बाण, वाकायचं."

गुरुजी वाकून बसले. बत्तीस वर्षं पोरांना कवायत शिकवलेला हात, ठेका बरोबर पकडला. रांग टेबलाभोवती गोळा झाली. सातशे गुणांना पडद्यावर रात्र झाली, तशी मागून कुणीतरी शिट्टी घातली. पुढे एका जोड-निवडुंगावर गुरुजी धडकले.

"मेलो की हो मी," ते हिरमुसून म्हणाले.

"काही होत नाही गुरुजी, परत स्पेस दाबा," अण्णा म्हणाले. "इथे जिवंत व्हायला दाखला लागत नाही."