आठ पाऊण सहा

पाहुणा दारात चप्पल काढत असतानाच 'परत कधी जाणार?' असं विचारायची आपल्याकडे रीत नाही. प्रश्न मनात असतोच, पण तो वळसा घालून विचारायचा. 'रजा किती दिवसांची टाकलीय?' किंवा 'परतीचं रिझर्वेशन मिळालं का हो?' अगदीच अंगावर आलं तर, 'मुलांच्या शाळा कधी सुरू होतायत?' घारापुरीला या वळशांची गरज पडत नाही. माणूस जेट्टीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच कुणीतरी सरळ विचारतं, 'शेवटची लाँच ठाऊक आहे ना?' विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आगाऊपणा नसतो, उलट काळजीच असते. पर्यटकाला बेटावर रात्रीचा मुक्काम नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास शेवटची लाँच सुटली, की तुम्ही तिच्यात असायला हवं. नसलात, तर मग तुम्ही गावाचा प्रश्न होता.

मी नुकताच निवृत्त झालेला. आयुष्यभर आठ-सतराची लोकल पकडली, आता कुठलीच गाडी पकडायची नाही असं ठरवलेलं. आणि त्याच आठवड्यात जाऊन पोहोचलो कुठे, तर जिथे सगळ्या माणसांच्या दिवसाला एकच वेळ बांधलेली आहे अशा ठिकाणी. शिवाय मला लेणी पाहायची नव्हती, गाव पाहायचं होतं. घरी हे सांगितल्यावर 'मग गाव बघायला समुद्र कशाला ओलांडायचा? मुलुंडात गव्हाणपाडा आहे की,' असा सल्ला मिळाला. तो मी ऐकून घेतला. निवृत्त माणसाला ते जमावं लागतं.

मुंबईकर घारापुरीला, म्हणजे त्याच्या एलिफंटाला, शाळेच्या सहलीत एकदा, लग्न ठरल्यावर एकदा आणि परदेशातला चुलतभाऊ आल्यावर एकदा जातो. गेटवेहून लाँच निघते, तासाभरात साधारण दहा किलोमीटर कापते. वरच्या डेकवर बसायचे वेगळे पैसे पडतात. ते भरलेले लोक खाली बसलेल्यांकडे दहा मिनिटं वरून बघतात आणि ऊन चढलं की गुपचूप खाली येतात. मग जेट्टी, लुटुपुटूची आगगाडी, दोन्ही बाजूंना दुकानं असलेल्या शंभरावर पायऱ्या, वाटेत माकडांना द्यावी लागणारी पाण्याची बाटली (द्यावी लागते, कारण माकड ती मागत नाही, घेतं) आणि शेवटी तो त्रिमुख महेश. दीड हजार वर्षांच्या आसपास तो तसाच उभा आहे, डोळे मिटलेले. समोर फोटो काढणाऱ्यांची गर्दी पाहिली, की मिटलेल्या डोळ्यांमागचं शिल्पकाराचं दूरदर्शीपण कळतं. 1987 साली युनेस्कोनं लेण्यांना जागतिक वारसा ठरवलं आणि माणसं आणखी वाढली. एवढं सगळं होऊनही शंभरातल्या नव्व्याण्णवांना या बेटावर गावं आहेत हे माहीत नसतं. एक नाही, तीन आहेत: शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. तालुका उरण, जिल्हा रायगड, आणि रीतसर ग्रामपंचायत.

खरं तर गाव लाँचमध्येच भेटायला लागतं, फक्त आपण त्याच्याकडे पाहत नाही. आपण सीगल पक्ष्यांना शेव टाकत असतो. आमच्या लाँचच्या मागच्या अंगाला, इंजिनाच्या धगीपासून जरा लांब, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी होती. तिच्यावर पाय पडू नये म्हणून एक पोरगा मांडी घालून राखण करत होता. अंड्यांचे ट्रे होते, मेथीच्या जुड्या होत्या आणि एका मावशींच्या मांडीवर भिंतीवरचं नवंकोरं घड्याळ, सेलसकट चालू. लेण्याखाली आपण जे गार सरबत पितो, त्यातला बर्फ आपल्याच लाँचनं आपल्या पायाशी बसून येतो. भाव ऐकून भुवया उंचावणाऱ्यांनी ती लादी अर्ध्या वाटेत किती वितळते ते एकदा बघावं.

शेतबंदरला उतरून पायऱ्यांकडे न वळता मी मोराबंदरची वाट धरली, तेव्हा दुकानातल्या बाईनं हाक मारून रस्ता चुकलात म्हणून सांगितलं. नाही म्हटल्यावर तिनं मला नीट न्याहाळलं. मतदारयादीचं काम की वीजबिलाचं, असं तिच्या डोळ्यांत होतं. नुसतं गाव बघायला आलोय म्हटल्यावर तिचा संशय वाढलाच. वाट झाडीतून जाते. पाच मिनिटांत लाउडस्पीकर, गाइड, कणसाच्या शेगडीचा धूर असं सगळं मागे पडतं. झाडी विरळ होते तिथे खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदराच्या प्रचंड क्रेन रांगेनं उभ्या दिसतात. जगातला माल तिथे उतरतो. अलीकडे, तिवरांच्या कडेला, चिखलात कलंडलेल्या चार होड्या होत्या आणि एका होडीच्या सावलीत कुत्रं झोपलं होतं. दोन्हीकडे बंदरच, फक्त आकाराचा फरक.

मोराबंदरच्या किनाऱ्यावर एक आजीबाई कालवं काढत होत्या. ओहोटीनं उघड्या पडलेल्या काळ्या खडकावर उकिडव्या बसलेल्या. हातात वीतभर लोखंड, एका टोकाला अणकुचीदार. खडकाला कालवं कुठे चिकटलंय हे मला शेवटपर्यंत दिसलं नाही, मला सगळा खडकच दिसत होता. त्या मात्र एक टोला घालायच्या, वरचं शिंपलं उडायचं, टोकानं आतला करडा, लिबलिबीत, नखाएवढा जीव उचलायच्या आणि शेजारच्या डालड्याच्या जुन्या डब्यात टाकायच्या. डब्यात थोडं समुद्राचं पाणी. टोला, टोच, डबा. टोला, टोच, डबा. मी पाहत उभा राहिलो तेवढ्या वेळात डब्याचा तळदेखील झाकला नव्हता. बाजारात कालवांचा वाटा महाग म्हणून घासाघीस करणाऱ्या आमच्या वर्गाला अर्धा तास त्या खडकावर बसवावं. कालवं नकोत, नुसतं उकिडवं बसावं.

'जेवलास का?' त्यांनी वर न बघता विचारलं.

आगरी-कोळ्यांच्या बोलण्यात अहो-जाहोचं प्रस्थ नाही हे ऐकून माहीत होतं. पण चाळीस वर्षांत मला बँकेत कुणी 'जेवलास का' म्हणून एकेरीत विचारलं नव्हतं. 'सर, लंच झाला?' असं विचारायचे, आणि उत्तराची वाट न बघता फाईल पुढे करायचे. आजींना उत्तर हवं होतं. डबा आणलाय म्हटल्यावर त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, 'कंच्या लाँचीनं जातंस?'

शेवटच्या, मी म्हणालो.

'मंग बरं. आज अष्टमी हाय. आठ पाऊण सहा. सांजचे सहाला पानी भरल. लाँचीत चढायला त्रास नाय पडाचा.'

मी जागच्या जागी थांबलो. आठ पाऊण सहा! पाऊणकीचा पाढा! नाणी दशमान झाली, वजनं दशमान झाली, तरी आमच्या आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी माझ्याकडून घोकून घेतली होती. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. चुकलं की कान पिळायचे. पुढे मी सगळा जन्म व्याजाच्या हिशोबात काढला आणि पाऊणकीची गरज एकदाही पडली नाही. आजोबा गेले तेव्हा कान उगाच पिळले गेले याबद्दल माझ्या मनात थोडी अढी होती, ती राहून गेली होती. आणि इथे, अरबी समुद्राच्या कडेला, शाळेत न गेलेली बाई पाऊणकी वापरत होती, तीही चिखलात बसून, हातातलं काम न थांबवता.

हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसा त्या वेळेला आणि पुन्हा रात्री-पहाटेकडेही साधारण त्याच वेळेला. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, म्हणून भरतीही पाऊण तास मागे सरकते. शाळेच्या भूगोलात हेच चंद्राचं आकर्षण, सूर्याचं आकर्षण, दोन बाणांची आकृती असं पाच मार्कांना होतं. आकृती मला अजून काढता येते. भरती कधी येणार ते सांगता येत नव्हतं.

'पन आज भांग हाय ना,' आजी म्हणाल्या. अष्टमीच्या आसपास पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला खडक पार खालपर्यंत मोकळे होतात, पण तेव्हा ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास पडते. म्हणजे चांगली कालवं हवी असतील तर थंडीत अंधारात उठायचं, आणि उन्हात सावकाश बसायचं असेल तर थोडक्यावर भागवायचं. समुद्रानं सोयीची वेळ आणि भरपूर माल एकत्र ठेवलेले नाहीत. आमच्या बँकेच्या मुदतठेवीसुद्धा याच तत्त्वावर चालायच्या, पण तिथे ते लांबलचक छापील पत्रकात, बारीक टाइपात सांगायला लागायचं.

दुपारी गावात दोन-चार घरांच्या ओट्यांवर बसायला मिळालं. गप्पा आपोआप विजेवर गेल्या. ही गोष्ट बेटावर सगळेच सांगतात आणि सांगताना अजूनही थोडे चिडतात. बेटावरून उत्तरेला बघा: ट्रॉम्बेच्या वीजकेंद्राचं धुराडं दिसतं, अणुसंशोधन केंद्र तिकडेच. पश्चिमेला रात्रभर लखलखणारी मुंबई. पूर्वेला बंदराचे झोत. आणि मधोमध घारापुरी, इतकी वर्षं डिझेलच्या जनरेटरवर होती, तीही संध्याकाळचे काही तास. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून फेब्रुवारी 2018 मध्ये इथे वीज आली. स्वातंत्र्याला तेव्हा सत्तर वर्षं होऊन गेली होती. चारी बाजूंना दिवाळी आणि मधल्या घरात तेल संपलेलं, असा प्रकार. जनरेटर बंद व्हायच्या वेळा मालिकावाल्यांना ठाऊक नसत, त्यामुळे सासू खोलीत शिरते आणि सून कपाट उघडते इथपर्यंत आलं की अंधार. पुढचं काय झालं असेल ते ओट्यावर बसून बायका एकमेकींना सांगायच्या. 'आमची गोष्ट लई चांगली व्हायची,' एक सूनबाई म्हणाली. वीज आल्यावर टीव्हीवर खरा शेवट बघितला आणि मन खट्टू झालं, असंही ती म्हणाली. तिच्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

हत्तीची चौकशी मी मुद्दाम केली. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला नाव दिलं तो राजबंदरकडे होता. 1864 साली साहेबानं तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला, तुकडे मुंबईला गेले आणि 1914 साली जोडून उभे केले. आज तो भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. एका आजोबांनी ही हकिगत ऐकून मान डोलावली. त्यांचे दोन्ही मुलगेही मुंबईलाच. 'गेला तो काय परत येतो?' ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, 'पन हत्ती सुटीला बी नाय येत.'

साडेचार वाजले तशी गावाची चलबिचल सुरू झाली. बसा, चहा घ्या म्हणून आग्रह करणारी माणसंच आता घड्याळाकडे बघायला लागली. त्यांना मला घालवायचं नव्हतं, पण माझी लाँच त्यांना माझ्यापेक्षा जास्त जवळची होती. शेतबंदरच्या वाटेवर दुकानांची प्लास्टिकं उतरायला लागली होती, शिल्लक कणसं टोपलीत परत जात होती. दिवसभर हजारो लोकांना 'या, बसा, बघा तर' म्हणणारं बेट आता आवाज खाली आणून आपापसांत बोलायला लागलं होतं. आपण गेल्यावरच त्यांची संध्याकाळ सुरू होते. त्या संध्याकाळी काय घडतं ते बघायला मला आवडलं असतं, पण ते बघायला मी तिथे असलो तर ते घडणारच नाही, ही यातली अडचण.

जेट्टीला पाणी खरोखरच वरपर्यंत आलं होतं. लाँचच्या कडेवर सहज पाय टाकता आला. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, 'नशीब बघा, भरती आहे.' आज अष्टमी, आठ पाऊण सहा, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी बॅग उचलली आणि वरच्या डेकवर जाऊन बसले.

घरी आल्यापासून मात्र माझा वेळ बरा जातो. सकाळी कालनिर्णय बघायचं, तिथीची पाऊणपट करायची आणि चहाच्या वेळी जाहीर करायचं. परवा म्हटलं, 'आज द्वादशी. नऊला भरती.'

'आपल्याकडे साडेपाचला येते,' स्वयंपाकघरातून उत्तर आलं, 'आणि सव्वासहाला ओहोटी लागते. मोठं पिंप भरलंय का, तेवढं बघा.'