दहा बाय दहात सवाई

दहा बाय दहाच्या खोलीत साडेतीन फूट उंचीचे टॉवर स्पीकर आणून उभे करणाऱ्या गृहस्थाची आपल्या समाजाने म्हणावी तशी कदर केलेली नाही. लोक गाडी बदलतात, फ्लॅट बदलतात, पक्ष बदलतात, आणि त्यांचे सत्कार होतात. पण बरे वाजणारे स्पीकर काढून टाकून त्यांच्या जागी त्याहून मोठे, त्याहून महाग आणि त्या खोलीत त्याहून वाईट वाजणारे स्पीकर बसवायला जी निष्ठा लागते, तिच्यासाठी अजून साधी शाल-श्रीफळाचीही सोय नाही.

विरोधक लगेच भौतिकशास्त्र काढतात. काढू द्यावं. त्यांचं म्हणणं असं की ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे दहा फूट अंतरावरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर अडकतो आणि घुमत बसतो. खोली लांबीरुंदीला सारखी असली की समोरासमोरच्या दोन्ही जोड्या त्याच सुरावर घुमतात. छत साडेनऊ फुटांवर असलं की तेही जवळपास तिथेच येऊन मिळतं. हा दोष आहे म्हणे! भिंती, भिंती आणि छत यांचं एका सुरावर एकमत होतं. इतका एकोपा आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत कुणी पाहिलेला नाही. शिवाय या सुराचा जोर भिंतीलगत सर्वांत जास्त आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा. म्हणजे दिवाणावर भिंतीला पाठ टेकून बसलं की डग्गा छातीवर येऊन आदळतो, आणि पाणी प्यायला उठून चार पावलं टाकली की तबलजीचा डावा हात घरी निघून गेलेला असतो. एका घरात दोन मैफली. जुन्या छोट्या स्पीकरना हे साधत नव्हतं. ते इतक्या खाली उतरतच नसत.

छोट्या स्पीकरचा पुरस्कार करणारे हटकून बीबीसीचा दाखला देतात. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात एलएस३/५ए नावाचा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या व्हॅनमध्ये, अगदी हाताच्या अंतरावरून, निवेदकाचा आवाज नीट पारखता यावा म्हणून. अडचणीच्या जागेतही मानवी आवाज खरा वाटावा, हे त्याचं उद्दिष्ट, आणि ते साधल्याबद्दल जाणकार आजही त्याचं नाव काढतात. ठीक आहे. ते लोक व्हॅनमध्ये बसून नोकरी करत होते. आपण कर्ज काढून घेतलेल्या, मालकीच्या फ्लॅटमध्ये राहतो.

आता वॉटकडे वळू. अँप्लिफायर ५० वॉटचा होता, तो १०० वॉटचा केला, की आवाजात ३ डेसिबलची भर पडते. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात, म्हणजे ५०चे ५०० करावे लागतील. आणि आठ फुटांवर बसलेल्या माणसाला तर एकदोन वॉटमध्येच इतकं ऐकू येतं की खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवतात. उरलेले अठ्ठ्याण्णव वॉट मग कशासाठी, हा प्रश्न गैरलागू आहे. बँकेतल्या मुदत ठेवीला कुणी विचारतं का, तू आज काय काम केलंस?

खरा आनंद मात्र ३० हर्ट्झपर्यंत उतरण्यात आहे. काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर असतो. त्याच्या खाली ख्यालगायकीत राहतं काय? पुष्कळ राहतं. मंचावर कुणी पाय बदलला त्याचा धप्प, माइकच्या स्टँडला बसलेला धक्का, सभागृहाच्या पंख्यांची घरघर. इतकी वर्षं आपण नुसतं गाणं ऐकत होतो. १९२५च्या आधीच्या, भोंग्यात तोंड घालून गायलेल्या तबकड्यांमध्ये तर खालचे सूर नोंदवलेच गेलेले नाहीत. पण तिथेही मोठा वूफर तबकडी फिरल्याची घुरघुर अशी काही जिवंत करतो की यंत्र शेजारी ठेवल्याचा भास व्हावा.

यात लोखंडी कपाटाचा वाटा विसरता कामा नये. खर्ज लागला की त्याची मूठ थरथरते, आणि वरच्या फळीवर एकात एक घातलेली स्टीलची पातेली द्रुतच्या अंगाने जातात. दाराच्या फटीत वर्तमानपत्राची घडी खोचली तर हे थांबतं. पण जाणता माणूस घडी खोचत नाही. तो लॅमिंग्टन रोडला जाऊन जाड वायर आणि सोनेरी पिना घेऊन येतो.

फुकटच्या उपायांचा हा मोह जुनाच आहे. १८९५ साली हार्वर्डमध्ये वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला एक व्याख्यानाचं दालन सुधारायला सांगितलं. तिथे वक्त्याचं बोलणं घुमून कळेनासं व्हायचं. हा माणूस रात्री-अपरात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या वाहून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि घड्याळ लावून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. गाद्या वाढवल्या की घुमणं कमी. त्यातून सभागृहांच्या ध्वनीचं सगळं शास्त्र निघालं. विक्रेता हाताशी असता तर ही हमाली वाचली असती. घरातली गोधडी, जाड पडदा, पुस्तकांचं भरलेलं कपाट यांनी तेच काम होतं, असं हे शास्त्र सांगतं. डग्ग्याच्या घुमण्याला गोधडी पुरत नाही, त्यासाठी स्पीकर आणि दिवाण सरकवून पाहावे लागतात, हेही सांगतं. बिल कुठेच नाही. ज्या सुधारणेचं बिल नाही ती मित्रांना दाखवणार कशी?

तेव्हा नव्याने या मार्गाला लागणाऱ्यांनी एकच पथ्य पाळावं. मोठी जोडी घरी येण्याआधी जुने स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढून, तोंडं किंचित आत वळवून ऐकू नयेत. एरवी सुज्ञ असलेल्या एका शेजाऱ्यांनी हे केलं. बसायची खुर्चीही मागच्या भिंतीपासून पुढे घेतली. तेव्हापासून त्यांच्याकडे कुठली वायर, कुठले वॉट, कुठला वूफर यावर चकार शब्द निघत नाही. संध्याकाळी गेलं की चहा देतात आणि मल्लिकार्जुन मन्सूर ऐकत बसायला लावतात.