आगगाडीवर माळा चढवताना

खेळण्यातल्या रेल्वेचा एक मजला भरला की नागपूरकराला दुसरा सुचतो. दोष त्याचा नाही. वर्धा रोडवरून जाणाऱ्याच्या डोक्यावर उड्डाणपूल आणि उड्डाणपुलाच्या डोक्यावर मेट्रो, 3.14 किलोमीटरच्या या दुमजली पुलाची गिनीजमध्ये नोंद आहे. गड्डीगोदामला तर खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर मेट्रो. हे रोज पाहणारा माणूस घरातल्या आठ बाय चार फुटांच्या बोर्डाकडे बघून म्हणणारच, की इथे निदान दोन तरी का नकोत? त्याच्यासाठी ही कृती.

साहित्य: लकडगंजातून आणलेलं 12 मिलिमीटरचं प्लायवूड, लाकडी पट्ट्या, स्क्रू, पाणसळ आणि गुणाकार करण्याची तयारी. शेवटची वस्तू बहुतेकांकडे नसते, म्हणून ते थेट करवतीपासून सुरुवात करतात.

पहिली पायरी, उंची ठरवा. एचओ मापाची गाडी खऱ्या गाडीच्या 87व्या हिश्शाएवढी असते. रुळाच्या माथ्यावर साडेसात सेंटिमीटर मोकळं मिळालं तरी ती पुलाखालून जाते. नवशिक्या हा आकडा वाचतो आणि अख्खा माळा तेवढ्याच उंचीवर ठोकतो. मग खालच्या यार्डात कोपऱ्यातला डबा घसरतो, हात आत शिरत नाही आणि स्वयंपाकघरातला चिमटा रेल्वेसेवेत रुजू होतो. चिमटा गेल्याचं ज्या दिवशी घरच्यांच्या लक्षात येईल त्या दिवशी प्रकल्प थांबेल. तेव्हा दोन मजल्यांत 40 सेंटिमीटर सोडा.

दुसरी पायरी, गाडी वर न्या. म्हणायला सोपं आहे. भोर घाटात चढ 37ला 1 आहे आणि तिथे खऱ्या गाड्यांनाही मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. तुमच्या एकुलत्या एक इंजिनाकडून आपण तेवढीच अपेक्षा ठेवू, जास्त नको. 40 सेंटिमीटर चढायला 40 गुणिले 37, म्हणजे जवळजवळ 15 मीटर रूळ हवा. बोर्डाची लांबी अडीच मीटरही नाही.

घाबरू नका, यावर जगभर वापरतात तो उपाय आहे: मळसूत्रासारखा गोल गोल चढणारा रस्ता. 120 सेंटिमीटर व्यासाचा वेढा धरा. गुणिले 3.14 (वर्धा रोडचा आकडा पाठ होता ते बरं झालं), एका फेरीत 377 सेंटिमीटर. चार फेऱ्यांत गाडी वर. आता बोर्डाची रुंदी मोजा. चार फूट म्हणजे 122 सेंटिमीटर. रूळ बसला, पण डब्यांच्या कडा बोर्डाबाहेर. आणि या वेढ्यानं खालचा निम्मा बोर्ड खाल्ला, वरचाही निम्मा खाल्ला. उरलेले दोन अर्धे जोडा: तुमच्याकडे पुन्हा एकच मजला आहे, फक्त दुप्पट खर्चाचा. तेवढ्याच फेऱ्या ठेवून व्यास 90वर आणला तर चढ 28ला 1 होतो, शिवाय वळणाचं घर्षण वेगळं. इंजिन चाकं फिरवत जागेवर उभं राहतं आणि शेजारचे काका दारातून विचारतात, ‘काऊन बाप्पा, चढून नाही राहिली का?’

तिसरी पायरी, उन्हाळा. मे महिन्यात पारा 45च्या पुढे जातो म्हणून रुळांच्या जोडात बारीक फट ठेवावी, हे सगळे सांगतात. खरा खोडकर प्लाय. कुलरच्या दमट हवेत तो फुगतो, हिवाळ्यात आकसतो. त्याला चारी बाजूंनी, कडांसकट, रंग द्या आणि कुलरचं तोंड दुसरीकडे फिरवा. कुलरच्या जुन्या ताटीतला वाळा मात्र फेकू नका, सुकलेल्या गवताचा देखावा त्याच्याइतका स्वस्तात कशानंच होत नाही.

चौथी पायरी म्हणजे दुसरी पायरी खोडा. सीताबर्डीच्या मेट्रो इंटरचेंजवर ऑरेंज आणि अ‍ॅक्वा लाइन वेगवेगळ्या पातळ्यांवरून जातात, आणि प्रवासी सरकत्या जिन्यानं गाडी बदलतात. तुमच्या प्लास्टिकच्या प्रवाशांना काय झालं? खाली ब्रॉडगेज ठेवा. वर नॅरोगेज. सातपुड्याकडच्या आपल्या छोट्या गाड्या 762 मिलिमीटर रुंदीच्या रुळावर धावायच्या. 87नं भागा, पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि एन मापाचा 9 मिलिमीटरचा रूळ बाजारात तयार मिळतो. छोटी गाडी आखूड वळणंही घेते. रुंदीच वेगळी असल्यानं खालची गाडी वर का येत नाही, असं कोणी विचारू शकत नाही. इतवारी स्टेशनवर वर्षानुवर्षं हेच चालायचं: एका गाडीतून उतरा, दुसरीत बसा.

इंजिनांची मापं घ्यायला मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात जा. टेप लावण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. नागपूर-नागभीड नॅरोगेज 2019मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली. माळ्यावर ती पुन्हा सुरू करायला रेल्वे बोर्डाची परवानगी लागत नाही. घरच्यांची लागते, ती प्लाय आणण्याआधी घ्या आणि चिमटा परत ठेवा.