वाट कुणी अडवलीय?

हिंगोलीत कुठंही चहाला थांबा, पाच मिनिटांत विषय गर्दीवर येतो. उपाय विचारला की उत्तर ठरलेलं. रस्ता रुंद करा.

म्हणजे वाट मोकळी होईल?

भर दुपारी महात्मा गांधी चौकात उभं राहून बघा. दुकानांसमोर मोटारसायकलींची एक रांग, साइड स्टँडवर तिरकी. ती भरली म्हणून तिच्यामागं दुसरी. दुसरीच्या मागं सवारी हेरणारा ऑटो, त्याला खेटून केळीचा गाडा. मधे जी पट्टी उरते, तिच्यातून सगळं गाव जा-ये करतं. रस्ता अरुंद कुठाय? निम्मा रस्ता नुसता उभा आहे.

तीन मीटर वाढवा. तिसरी रांग लागेल.

एका मोटारीला उभं राहायला 2.5 बाय 5 मीटर जागा धरतात. बाजारपेठेत तेवढ्या जागेत एखाद्याचं अख्खं दुकान चालतं आणि तो दरमहा भाडं मोजतो. गाडी लावून तासभर खरेदीला जाणारा काय मोजतो?

गावाचा सांगाडाच मुळात छावणीचा. रिसाला, तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा ही नावं निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिंजंटची. ती फौज 1903 मध्ये इंग्रजांच्या लष्करात विलीन झाली, वस्ती मागं राहिली. या गल्ल्या घोड्यांच्या आणि बैलगाड्यांच्या. 1 मे 1999 ला जिल्हा झाला आणि कलमनुरी, वसमत, औंढा, सेनगावची कामंही याच गल्ल्यांत आली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 85,103. रोज सकाळी कामाला येऊन संध्याकाळी गावी परतणारा माणूस या आकड्यात नाही. रस्त्यावर मात्र तो असतोच.

आता खरी गोम. अकोला-नांदेड महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 161, चौपदरी झाला. ज्याला नुसतं पुढं जायचंय, त्याला बायपास आहे. मग चौकात येतो कोण? ज्याचं चौकातच काम आहे तो. कापड घ्यायचंय, औषध घ्यायचंय, बँकेत जायचंय.

त्याला पुढं जायचंच नाही. त्याला थांबायचंय.

आणि थांबणाऱ्यासाठी आपण धावपट्टी मागतोय.

हळदीच्या हंगामात मार्केट यार्डासमोर ट्रॅक्टर-टेम्पोंची रांग रस्त्यावर येते. शेतकरी दिवस काढतो, प्रसंगी रात्र गाडीखाली काढतो. ती रांग रस्त्यामुळं लागते का? रांगेचं तोंड यार्डाच्या आत आहे. उतरवायला जागा, लिलावाचं बीट, काटा, हमाल यांतलं एक अडलं की शेपूट रस्त्यावर येणारच. रस्ता दुप्पट केलात तर दोन रांगा लागतील आणि शेतकरी तेवढाच वेळ उन्हात बसेल.

पुणे विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आठवतोय? कोंडी फोडायला बांधला. 2020 मध्ये पाडला, पंधरा वर्षंही झाली नव्हती. अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी महामार्ग तर बाजूचे रस्ते धरून 26 पदरी केला. काही वर्षांत तिथं गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. रस्ता सुटसुटीत दिसला की पायी जाणारा गाडी काढतो, संध्याकाळी जाणारा सकाळीच निघतो. 26 पदरांना जे जमलं नाही, ते आपल्या 3 मीटरला जमणार?

रुंदीकरणाचा हिशेबही नीट मांडला पाहिजे. ओटे जातात, पत्रे जातात, झाडं जातात. मराठवाड्याच्या मे महिन्यात कडुनिंबाची सावली गेली, तर तेवढंच अंतर चालवत नाही. मग चालणाराही गाडीवर येतो. फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आहे. आधी सर्वेक्षण करा, मग हलवा, असं तो सांगतो. पोतं अंथरून मेथीच्या जुड्या मांडणाऱ्या बाईला हे कुणी सांगतं का? ती उठते आणि पन्नास पावलं पुढं पुन्हा बसते. जाईल कुठं?

आणि पायरी. जुना रस्ता न खरवडता त्यावर काँक्रीट चढवतात. ज्या दुकानात दोन पायऱ्या चढून जायचो, तिथं आता एक उतरावी लागते. पहिल्या मोठ्या पावसात दुकानदार फळी लावून दारात बसतो, मागं पोरगा डब्यानं पाणी उपसतो, खालच्या थप्पीतलं कापड ओलं होतं. गाड्यांसाठी रस्ता उंच झाला, पाणी माणसाच्या घरात गेलं.

मग रस्त्याला हात लावूच नये? लावा. नाली झाकून नीट करा. रुंदीकरणानंतर रस्त्यात उभे राहणारे विजेचे खांब आधी हलवा. अॅम्ब्युलन्स अडते ते कोपरे कापा, त्याला कुणाचीच ना नाही. इंडियन रोड्स काँग्रेस फूटपाथला किमान 1.8 मीटर मोकळी जागा सांगते. अंगावर पोर, हातात पिशवी अशी बाई आज रस्त्याच्या मधून चालते. तिला तेवढी जागा द्या. ऑटोला थांबा द्या. गाडी लावायला चौकापासून थोडं दूर मैदान द्या आणि चौकातल्या जागेचे पैसे घ्या. ओरड होईल. होऊ द्या.

दसऱ्यात रामलीला मैदानाच्या प्रदर्शनाला गाव लोटतं. तेव्हा माणूस गाडी लांब लावून चालत येतोच ना? पोराला खांद्यावर घेऊन येतो. पाय तेच आहेत.

आराखडा काढण्याआधी एक काम करा. आठवडी बाजाराच्या दिवशी दोन पोरांना वही देऊन चौकात बसवा. एकानं जाणाऱ्या गाड्या मोजायच्या, दुसऱ्यानं उभ्या. चालणाऱ्यांसाठी तिसरा पोरगा लागेल, आणि त्याला वही मोठी द्या.