पेटीचालक साहेबांस, हिंगोलीहून

माननीय पेटीचालक-मालक साहेबांच्या सेवेशी,

आपले नाव घेत नाही. नेमबाजीचे खेळ काढणाऱ्या कंपन्या पुष्कळ. क्रेट आणि स्पिन, म्हणजे पैसे घेऊन बंद पेटी उघडायला नाहीतर चाक फिरवायला लावणे, हे खाते मात्र बहुतेकांनी उघडलेले. हे पत्र वाचून ज्यांच्या कपाळाला आठी पडेल, त्यांनी ते आपल्यालाच आले आहे असे समजावे.

सर्वप्रथम आभार. बंदूक तीच, गोळी तीच, मारा तोच. पण तिच्यावर बर्फाचा मुलामा चढवून आपण आमच्या पोरांना सौंदर्यदृष्टी दिलीत. माझ्या पुतण्याने चित्रकलेच्या वहीत कधी रंग भरला नाही. आता समोरच्याची स्किन कितव्या लेव्हलची आहे, हे तो लांबून सांगतो. मी विचारले, याने नेम सुधारतो का? म्हणाला, ‘नेमाचं काय काका, लॉबीत इज्जत राहते ना!’

पोशाखाची तर काय वर्णावी थोरवी. खेळताना पुतण्याला स्वतःला दिसते ती फक्त पाठ. पुढची कलाकुसर दिसते शत्रूला, आणि तो रसिक लगेच गोळी घालतो. हा ज्याला मारतो त्याच्या सामानाची पेटीही म्हणे नक्षीदार निघते. मेलेल्याचा एवढा मान आमच्याकडे भाऊबंदही ठेवत नाहीत.

सजावटीचे आम्हाला वावडे नाही, साहेब. पोळ्याला आम्ही बैलाच्या शिंगांना रंग देतो, बेगड चिकटवतो. बाशिंग, गोंडे, घुंगरमाळा, आरशांची झूल, सगळे करतो. झुलीने बैल जास्त ओढत नाही हे आम्हालाही कळते. पण आमच्या बाजारात दुकानदार झूल अंथरून दाखवतो, भाव सांगतो, आम्ही घासाघीस करतो, पैसे मोजतो, झूल घरी येते. किती मागासलेला धंदा! आपण असता तर बंद पोत्यात हात घालायला लावला असता. पहिल्यांदा गोंडा. दुसऱ्यांदा गोंडा. तिसऱ्यांदा तोच गोंडा, म्हणून तो परत घेऊन बदल्यात चांदीचे चार तुकडे, जे चांदीचे नसतात. झूल पोत्यात आहे, तिचे चित्र पाटीवर आहे. ती शंभरात एकाला निघते की हजारात, ते पाटीच्या मागे बारीक अक्षरांत. आणि पोळा फुटायच्या आत निघाली नाही तर आपण पोते उचलून चालते व्हाल, कारण ऑफर संपली.

ती बारीक अक्षरे तरी छापलीत, हा मनाचा मोठेपणा. चीनने २०१७ पासून आकडे जाहीर करणे सक्तीचे केले, हा निव्वळ योगायोग समजतो. बेल्जियमच्या जुगार आयोगाने तर २०१८ साली ‘ओव्हरवॉच’, ‘फिफा १८’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’च्या पेट्यांना सरळ जुगार ठरवले. अरसिक देश! आपल्याकडे २०२५ साली ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर. आपल्या पेटीतून पैसे कधी बाहेरच येत नाहीत, तेव्हा आपल्याला कसली काळजी?

आमचे रुपये आपण रुपये म्हणून घेत नाही, याचेही कौतुक वाटते. आधी त्यांचे यूसी करायचे, नाहीतर डायमंड, म्हणजे खेळातली नाणी. एकदा नाव बदलले की ते कमावणाऱ्या बापालाही आपले वाटत नाहीत. वहिनी विचारतात, ‘किती गेले?’ पोरगा म्हणतो, ‘सहाशे यूसी.’ आता ही माउली हिशेब कशात करणार? तिला सोयाबीनचा भाव कळतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने क्विंटलला ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर केला, तो शेतकऱ्याच्या हाती पडतो की नाही ही गोष्ट वेगळी. पण बंदूक शेवटच्या लेव्हलला न्यायला किती क्विंटल लागतात, ते कुठल्याच बाजार समितीच्या फळ्यावर लिहीत नाहीत.

वस्तू मालकीची होत नाही, ही तर आपली आध्यात्मिक देणगी. २ सप्टेंबर २०२० ला केंद्राने ‘पबजी मोबाईल’वर बंदी घातली, ३० ऑक्टोबरला सर्व्हर बंद झाले, आणि पोरांना मायेचे स्वरूप कळले. २०२१ ला त्याचाच भारतीय अवतार ‘बीजीएमआय’ आले, जुना माल हलवायची सोय झाली. २०२२ च्या जुलैत तेही दुकानातून गेले, २०२३ च्या मे महिन्यात परतले. नरसीच्या नामदेवांच्या जिल्ह्यात वैराग्य शिकवायला आपण मोबाईलमधून यावे, हे आमचे भाग्यच.

आपल्या व्यवसायबंधूंपैकी ‘डेस्टिनी २’वाल्यांनी २०१७ साली चिलखताचा रंग एकदा लावला की संपला, असा नियम काढला होता. खेळाडूंनी बोंब मारली आणि पुढे तो मागे घ्यावा लागला. एवढी दूरदृष्टीची माणसे, त्यांना माघार घ्यावी लागली! वाचून वाईट वाटले.

एक नम्र विनंती. बर्फ ठेवा, सोने ठेवा, पंख फुटलेली बंदूकही ठेवा. फक्त वस्तूसमोर तिची किंमत लिहा, रुपयांत, मोठ्या अक्षरांत. घ्यायची की नाही ते घरात भांडून ठरवू. भांडणाचा आम्हाला सराव आहे.

आपला कृपाभिलाषी,
एक काका, हिंगोली

ता. क. : पुतण्याच्या खात्यात सात यूसी उरलेत. सातमध्ये आपल्याकडे काय येते ते कळवावे. काहीच येत नसेल तर परत पाठवावेत. नाव बदललेले असले तरी चालतील, आम्ही ओळखू.