यादीआधी डबे उघडा!

"काय गं, सकाळी सकाळी दारात रिक्षा? एवढं काय आणलंस?"

काकूंच्या नजरेतून आमच्या गल्लीतली एक पिशवी सुटत नाही. कुंपणापलीकडे त्या कढीपत्ता खुडत होत्या, अलीकडे मी तेलाचा डबा उतरवून घेत होते.

"महिन्याचा बाजार हो काकू. आज पगार झाला आणि आजच त्याला पाय फुटले."

"डबा कितीचा?"

"पंधराचा."

"पंधरा किलो की पंधरा लिटर?"

"किलो. वाचूनच घेतलाय."

"शहाणी आहेस. नाहीतर ती पिवळ्या बंगल्यातली! भिशीत सगळ्यांना सांगत सुटली, मला डबा केवढा स्वस्त पडला म्हणून. बघितला तर पंधरा लिटरचा. अगं, एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. पंधरा लिटरचे झाले साडेतेरा किलोच्या आसपास. सव्वा किलोच्या वर तेल कमी, मग स्वस्त नाही पडणार तर काय!"

"पिशव्यांचंही तेच झालंय हो. दिसायला सगळ्या सारख्या, पण एकीत 910 ग्रॅम, दुसरीत 840."

"त्यावर बारीक अक्षरात दर ग्रॅमचा भाव छापलेला असतो, तो बघायचा. समज, 840 ग्रॅमची पिशवी 130 रुपयांना आणि 910 ची 137 ला. हात कुठं जातो? 130 कडे. पण हिशेब केलास तर तीच किलोमागं चार रुपयांनी महाग. आमचे हे चष्मा लावून पेपर वाचतात, मी चष्मा लावून पुडे वाचते."

"यादी तरी कशी करता तुम्ही? मी कितीही नीट लिहिली तरी दुकानात गेलं की वाढतेच."

"यादी करायला बसण्याआधी डबे उघडायचे! आमच्या वन्संकडं गेल्या महिन्यात फडताळ आवरायला घेतलं. पोह्यांचे तीन पुडे निघाले, तीनही फोडलेले, आणि एकात पोरकिडे. कारण काय? तर प्रत्येक वेळी 'असू देत, लागतातच' म्हणून आणलेले. डबा बघून लिहिलं की निम्मी यादी तिथंच गळते. आणि दुकानात जाताना खाऊन जायचं. उपाशीपोटी गेलं की बिस्किटं-फरसाण आपोआप टोपलीत पडतं."

"आणि ते 'एकावर एक फुकट'?"

"ते तुला लागतच नसेल तर एकही फुकट नाही. साबण घे, तो काही नासत नाही. पण रवा, मैदा, बेसन थोडंच आणायचं. रवा तर आणल्या आणल्या भाजून ठेवायचा. शेंगदाणे ढीगभर भरले तर पावसाळ्यात खवट होतात. भरायचं ते टिकणारं, आणि ज्याच्या त्याच्या हंगामात."

काकूंनी कढीपत्त्याची पाटी खाली ठेवली. आता खरं पुराण सुरू होणार, हे मी ओळखलं.

"हे बघ, आता मार्च लागलाय. नवा शाळू आलाय, तूरडाळही नवी आहे. आताच वर्षाची भरायची. डाळीला ऊन द्यायचं, शाळूत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा. मिरचीचेही हेच दिवस. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. एकदा डंकावर चटणी कांडून आणली की वर्षभर आयत्या मसाल्याचे पुडे नकोत. कांदा मात्र थांबून घ्यायचा. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये येतो, तो टिकतो. तो जाळीवर पसरून ठेवलास की दिवाळीच्या तोंडावर भाव चढले तरी आपलं काही अडत नाही. पावसाळ्यानंतरचा लाल कांदा कितीही स्वस्त मिळो, साठवायचा नाही. पाणी सुटतं त्याला."

"एवढे पैसे एकदम कुठून आणायचे पण?"

"म्हणून तर दर महिन्याला थोडे बाजूला टाकायचे. चटणीचे वेगळे, धान्याचे वेगळे. आणि सगळं एकाच महिन्यात थोडंच भरायचंय?"

"भाजीला काही युक्ती?"

"आठवड्याचा बाजार आणलास की आधी पालेभाजी संपवायची, मग वांगी-दोडका-गवार, शेवटी कोबी नाहीतर भोपळा. बाजाराच्या आदल्या दिवशी मटकीची उसळ नाहीतर पिठलं. फ्रिजच्या तळाशी कोथिंबीर काळी पडून टाकायची वेळ आली, तर दहा रुपयांत दोन जुड्या घेऊन वाचलं काय?"

"तुमचा लेक तर पुण्यात सगळं मोबाइलवरच मागवतो ना?"

"नाव नको काढूस! कोथिंबीर मागवायची असते, तर पोचवायचा आकार वाचावा म्हणून जोडीला आइस्क्रीम मागवतो. वीस-तीस रुपये वाचवायला दीडशेचं आइस्क्रीम! सुनेला म्हटलं, स्वयंपाकघरात पाटी टांग आणि जे संपेल ते त्यावर लिही. आता आठवड्यातून एकदाच मागवतात. आइस्क्रीम येतं, पण एकदाच."

"मग काकू, शाळू घ्यायला गणपती पेठेत कधी जायचं? पोतं घेतलं तर भाव उतरेल, पण पन्नास किलो मला एकटीला जास्त होतो."

"तिघींत घेऊ की. तू, मी आणि कोपऱ्यावरच्या बाई."

"त्या? त्यांच्याकडं तर भाकरी कुणी खात नाही म्हणतात."

"खात नसतील, पण त्यांच्याकडं गाडी आहे."

"काकू!"

"अगं, येणाऱ्याजाणाऱ्यांना लागतोच की थोडा. गाडी त्यांची, घासाघीस माझी आणि पोतं उचलायला तुझे यजमान."

"त्यांना अजून विचारलं नाही हो."

"विचारतेस कशाला? रविवारी सकाळी नाश्त्याला गरम थालीपीठ वाढ आणि तिसऱ्या थालीपिठाला सांग."